वास कसा लिहायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कथेच्या कार्यशाळेत हा प्रश्न दरवेळी येतोच: वास, आवाज, चव सगळं लिहितो, पण वाचणाऱ्यापर्यंत ते पोचत का नाही?

मी पोचवायला शिकले ते आईच्या भाजणीमुळे. थालीपिठाच्या भाजणीसाठी ती ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद सगळं वेगवेगळं भाजायची, धने शेवटी. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली. धन्यांचा वास आधी खमंग यायचा, मग खरपूस. त्यानंतर कढई उतरवायला जेमतेम सवड, नाहीतर करपट. न बघताही मला कळायचं, आई कढईपाशी आहे की दाराशी कुणाशी बोलत उभी आहे.

मराठीतले वासाचे शब्द असे कारण सोबत घेऊन येतात. खवट म्हटलं की शेंगदाणे फार दिवस डब्यात पडून आहेत. कुबट म्हटलं की खोली बंद होती, ओल होती. ‘सुगंध दरवळत होता’ यात असं काहीच कळत नाही, म्हणून ते वाक्य दिसलं की मी आधी खोडते. वासाचा संदेश बाकीच्या संवेदनांसारखा मेंदूतल्या थॅलॅमस या मधल्या थांब्यावर आधी थांबत नाही, भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी त्याचं नातं थेट असतं. नेमका शब्द सापडला तर एकच पुरतो. पाचही इंद्रियं एका परिच्छेदात कोंबू नका, हे मी कळकळीने सांगते. पात्राचं लक्ष तेव्हा जिथे असेल तेवढंच लिहा.

किंवा जिथून त्याचं लक्ष उडालंय, ते.

माझ्या एका कथेत बाई धने भाजत असताना भावाचा फोन येतो. पहिल्या खर्ड्यात होतं, ‘बातमी ऐकून ती सुन्न झाली.’ कितीदा वाचलं तरी मलाच काही होईना. शेवटी बातमीही काढली आणि सुन्नही. आता फोन उचलते तेव्हा घरभर खमंग वास आहे. पुढचं वाक्य शेजारणीचं, दार वाजवत: ‘अहो, काहीतरी करपतंय!’

बाई कढईपासून हातभर अंतरावर उभी आहे.