मोशी की कासारवाडी: दुधाच्या डायरीतला हिशोब

आम्ही पुण्यात धनकवडीत भाड्याने राहत होतो. नवरा चाकणच्या एमआयडीसीत, माझं ऑफिस शिवाजीनगरला. त्याची कंपनीची बस कात्रज चौकातून पहाटे सव्वापाचला सुटायची, कारण फर्स्ट शिफ्ट सातची. मी उठायचे तेव्हा तो चाकणच्या जवळपास पोचलेला असायचा. २०२४ च्या मे महिन्यात ठरवलं, आता स्वतःचं घर, आणि तेही तिकडच्या बाजूला.

पहिल्यांदा आवडली ती मोशी. नवीन बिल्डिंग, टू बीएचके, ५८ लाख, ताबा दोन वर्षांनी. नवरा तर हरखूनच गेला, चाकण वीस-पंचवीस मिनिटांवर! बिल्डरच्या माणसाने रविवारी दुपारी गाडीने नेलं. रस्ता मोकळा, वर एसीची हवा. "मॅडम, शिवाजीनगर अर्ध्या तासात," म्हणाला. रविवारी दुपारी अर्ध्या तासात कुठेही पोचता येतं हो.

म्हणून जुलैतल्या एका सोमवारी मी नवऱ्याची अ‍ॅक्टिव्हा घेऊन सकाळी मोशीला गेले आणि सव्वाआठला त्या साइटच्या गेटसमोरून ऑफिसला निघाले. मध्ये पाऊस. भोसरीच्या अलीकडे एका टेम्पोच्या मागे पाय टेकत टेकत अकरा मिनिटं काढली. ऑफिसात पोचले तेव्हा घड्याळात नऊ चाळीस झाले होते आणि पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. म्हणजे जाताना पंचाऐंशी मिनिटं. संध्याकाळी परत मोशीला जायची हिंमत झाली नाही, सरळ धनकवडीला गेले.

त्या दिवसापासून दुधाच्या डायरीच्या मागच्या पानांवर मी हिशोब मांडायला लागले. दुसरा फ्लॅट होता कासारवाडीला, नाशिक फाट्यापासून चालत आठ मिनिटं. चौदा वर्षं जुनी बिल्डिंग, रीसेल, ६४ लाख, कारपेट ५६० स्क्वेअर फूट. कारला पार्किंग नाही, फक्त दुचाकीला. "अगं, सहा लाख जास्त देऊन जुनं घर?" नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पण सहा लाख हा आकडा फसवा निघाला. मोशीचा फ्लॅट बांधकाम चालू असलेला आणि ४५ लाखांच्या वरचा, म्हणून ५ टक्के जीएसटी, २ लाख ९० हजार. रीसेलला जीएसटी नाही. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे ७ टक्के, पण घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर ६. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. रजिस्ट्रेशन ३० हजार. कासारवाडीला वर एजंटचा एक टक्का आणि रंग-प्लंबिंगचे दीड लाख. घर माझ्या एकटीच्या नावावर, म्हणजे ६ टक्के, असं सगळं धरून मोशी ६४ लाख ६८ हजार, कासारवाडी ७० लाख २८ हजार. फरक ५ लाख ६० हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी एका लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे महिन्याला सुमारे ४,८६० जास्त.

आता प्रवास. मोशीहून स्कूटरवर रोजचे चाळीस किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस: पेट्रोल बावीसशे. सर्व्हिसिंग आणि पावसातल्या रिक्षा धरून साडेतीन हजार. कासारवाडीहून मेट्रो. मी मुद्दाम मेट्रोचं सगळ्यात जास्त भाडं, ३५ रुपये, धरलं तरी १,६८० होतात. फरक अठराशेचा. इथपर्यंत मोशीच स्वस्त होती आणि नवऱ्याने डायरी बंद करायला हात पुढे केला होता.

मग मी खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. ताबा मिळेपर्यंत दोन वर्षं धनकवडीचं भाडं, महिना १७ हजार: ४ लाख ८ हजार, आणि प्री-ईएमआय, म्हणजे ताब्याआधी भरायचं कर्जाचं व्याज, वेगळाच. शिवाय मला स्वतंत्र स्कूटर, साधारण लाखभर. उरला फरक पन्नास हजारांचा. त्या पन्नास हजारांसाठी मी रोज दीड तास जास्त रस्त्यावर राहायचं. आणि नवऱ्याचं काय, तर कंपनीची बस नाशिक फाट्यावरून जातेच. उद्या त्याने नोकरी बदलून भोसरी, रांजणगाव काहीही धरलं तरी फाट्यावर उभं राहता येतं. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी स्वतःच एजंटला फोन केला.

व्यवहारात आणखी दोन ठेचा लागल्या. बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत ६० लाखच लावली. कर्ज त्याच्या ८० टक्के, म्हणजे ४८ लाख. आम्ही ५१ धरून बसलो होतो. स्टॅम्प ड्युटी तर बँक मोजतच नाही, ती खिशातून. माझा पीएफ काढला आणि आईने न मागता दोन पाटल्या आणून ठेवल्या, त्यावर गोल्ड लोन घेतलं. दुसरी ठेच आमच्या अज्ञानाची. ५० लाखांच्या घरापासून पुढे विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला आयकर, घेणाऱ्याने कापून सरकारकडे भरायचा असतो, हे एजंटने सांगितलंच नाही. मामेभाऊ सीए म्हणून कळलं. विकणारे काका म्हणाले, "माझे ६४ हजार तुम्ही का कापताय?" त्यांना फॉर्म समजावून सांगण्यात अख्खा शनिवार गेला. एक मात्र बरं झालं, सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, मागचं इंडेक्स टू (आधीच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि बिल्डिंगचं भोगवटा प्रमाणपत्र मी इसार देण्याआधीच मागून घेतलं होतं.

आता मी घराबाहेर पडल्यापासून पस्तीस-चाळीस मिनिटांत टेबलाशी असते, आणि नवरा सव्वापाचऐवजी सहाला बसची वाट बघतो. पण सोमवारचा रस्ता तपासणाऱ्या मला रात्रीचा फ्लॅट तपासायचं सुचलं नाही. रेल्वेलाइन मागेच आहे. दोनच्या सुमाराला मालगाडी जाते तेव्हा काचेच्या कपाटातले कप वाजतात. आम्हाला सवय झाली. सासूबाई राहायला आल्या की मात्र अंधारात उठून बसतात आणि विचारतात, "काय गं, ही कुठली गाडी?"