आतली बाजू

१२ डिसेंबर, शुक्रवार

आईंच्या स्लिपरचा दुसरा तळवा आज विणून झाला. आता वरचा भाग उचलायचा. संक्रांतीपर्यंत दोन जोड हातावेगळे करायचे आहेत: हा सासूबाईंचा, आणि दुसरा पुतणीच्या बाळंतविड्यातला, ज्या बाळाला अजून यायचंय. विणायला बसल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. ही दोन्ही पावलं आपल्याला एकच काम सांगतात, कारण आत काही टोचलं तर दोघांनाही ते सांगता येणार नाही.

आईंना बरीच वर्षं मधुमेह आहे. तळपायांची संवेदना जवळजवळ गेलीय. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि आपल्या नागपूरची थंडी तर कोरडी. दुपारी अंगणात स्वेटर काढून ठेवावा लागतो, रात्री कोट्याच्या फरशीवर पाय टेकवत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा आई रात्रभर पाय पोटाशी घेऊन होत्या. गरम पाण्याची पिशवी देता येत नाही, शेगडीपाशी पाय शेकू देता येत नाहीत. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, आणि अशी जखम भरता भरत नाही. लोकर स्वतः तापत नाही, पायाचीच ऊब अडवून धरते. म्हणून मला या कामात लोकरीइतका भरवसा दुसऱ्या कशाचाच वाटत नाही.

हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले येतात, त्यांच्याकडच्या स्लिपर मी हात घालून पाहिल्या. मऊ आहेत, पण शिवण नेमकी बोटांच्या टोकावर येते. तुम्हा-आम्हाला ती जाणवणारही नाही. आईंच्या पायाला मात्र दिवसभर घासत राहील आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. म्हणून तळवा क्रोशानेच घेतला. मधोमध साखळी, तिच्या दोन्ही अंगांनी मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके), आणि फक्त दोन्ही टोकांना टाके वाढवत गोल गोल. खांबापेक्षा, म्हणजे उंच टाक्यापेक्षा, मुक्या खांबाची वीण घट्ट येते, फरशीचा गारवा वर येत नाही. वरचा भागही तळव्याच्या कडेचे टाके उचलून तसाच गोल चढवायचा, म्हणजे शिवणीचा प्रश्नच मिटला. धागा संपला की गाठ मारायची नाही. जुनं आणि नवं टोक टाक्यांखाली धरून वरून विणत जायचं, आपोआप दबून जातं. याला वेळ लागतो, पण गाठ राहिलेली स्लिपर मी आईंच्या पायात घालणार नाही.

माप संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभरात पाय सुजतो. जुन्या वर्तमानपत्रावर त्यांना उभं केलं आणि भोवती पेन्सिल फिरवली. बसून घेतलेलं माप अपुरं पडतं. अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. डावा पाय उजव्यापेक्षा चांगला रुंद निघाला. बाजारात दोन्ही पाय एकाच मापाचे मिळतात, घरी विणताना तसं करायची गरज नाही. एरवी स्लिपर पावलापेक्षा बोटभर आखूड विणतात, कारण वापरून लोकर सैल होते. आईंची मात्र अगदी मापात ठेवलीय, आणि घोट्याला इलॅस्टिक घातलेलं नाही. वळ उठेल इतकं घट्ट त्यांच्या पायाला काहीच चालत नाही.

रंगावरून थोडं झालं. त्यांना मरून हवा होता. मी म्हटलं, तळवा दुधीच ठेवू या आई, पायाला जखम होऊन रक्ताचा डाग पडला तर लगेच दिसेल. गडद रंगात तो लपतो. ते त्यांना पटलं. तळवा दुधी, वर मरून.

मग देवघराचा प्रश्न आला. टाइल्सवर लोकर घसरते, म्हणून खाली चामडं लावायचं माझ्या डोक्यात होतं. पण चामडं घेऊन त्या देवापुढे उभ्या राहणार नाहीत, हे मला माहीत होतं. लोकरीबद्दल त्यांची काहीच हरकत नाही. "लोकर तं सोवळ्यातबी चालते. माही सासू धाबळी नेसूनच सैपाक करे." मग गालिच्याखाली अंथरतात ती रबरी जाळी तळव्याच्या आकाराची कापून घेतली. म्हणूनच तळवे दुहेरी करतेय. जाळी फक्त खालच्या तळव्याला शिवायची आणि वरचा त्यावर बसवायचा, म्हणजे तो टाका पायापर्यंत पोचतच नाही.

मी हे करत बसले की त्यांचं ठरलेलं, "कायले येवढी मरमर करतं वं बाई?" आणि तरी दिवसातून दोनदा येऊन किती झालं ते बघून जातात.

बाळाचे मोजे सुयांवर घेतेय. एवढ्याशा पावलाला क्रोशाची वीण मला जाड वाटते, सुलट टाक्यांचं विणकाम कसं अंगासरशी बसतं. १२ नंबरच्या सुया घेतल्यात. (नवशिक्यांसाठी: आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते.) नवजात बाळाचं पाऊल साधारण साडेसात-आठ सेंटिमीटर असतं, मी नऊचं धरलंय. घोट्यापाशी जाळीची एक ओळ घालून त्यातून विणलेला गोफ ओवायचा, नाहीतर बाळ दोन लाथांत मोजा उडवतं.

पुतणीला दोन रंगांची नक्षी हवी होती. तिला नाही म्हणताना जीव थोडा जड झाला. दोन धाग्यांच्या नक्षीत न लागणारा धागा मागच्या बाजूने सैल लोंबत जातो. वरून मोजा देखणा दिसतो, पण आत त्या फासात बाळाचं बोट अडकू शकतं. धागा बोटाला आवळला की रक्त अडतं, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते मोजा काढल्याशिवाय कळत नाही. तेव्हा नक्षी नाही, मोती नाही, बटण नाही. पिवळे साधे मोजे, घोट्याला पांढरी पट्टी. आणि दुकानात 'बेबी वूल' म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. मऊ असते, टोचत नाही, पण इस्त्री लागली की त्याच जागी मरगळते. हे तिला सांगून ठेवायला हवं. आईंच्या स्लिपर खऱ्या लोकरीच्या, त्या गरम पाण्यात चोळल्या तर आटून नमद्यासारख्या घट्ट होतील. त्या मीच गार पाण्यात धुणार.

दोघींना एक सवय मात्र लावायचीय. घालायच्या आधी आत बोट फिरवायचं, आणि धुतल्यावर उलटं करून बघायचं. आई हे आता स्वतःहून करतात.

मरून लोकर एक लच्छी कमी पडेलसं दिसतंय. उद्या सीताबर्डीला जाऊन त्याच लॉटची मिळते का बघते. अधिवेशनाचे मोर्चे सुरू आहेत, तेव्हा दुकान उघडताच जाऊन यावं. दुसऱ्या लॉटचा रंग कितीही जुळलेला वाटला तरी उन्हात फरक दिसतोच. मिळाली नाही तर घोट्याची पट्टी दुधी करीन. आईंना विचारून घेतलंय, चालेल म्हणाल्या.