मुळाचे खोड

दर दोन-तीन वर्षांनी फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडी ओसरून उन्हाला अजून धार चढलेली नसते तेव्हा, मी गच्चीवरच्या बोन्सायच्या कुंड्या बदलतो. उथळ कुंडीतून नांद्रुक उचलले की मुळांचा कुंडीच्याच आकाराचा घट्ट गोळा बाहेर येतो. बांबूच्या काडीने तो हलक्या हाताने विंचरायचा, जुनी माती झाडायची आणि सिकेटर घेऊन साधारण एक तृतीयांश मुळे कापून टाकायची. झाड नव्या मातीत बसते, तारेने कुंडीला बांधले जाते, आणि शेजारच्या वर्तमानपत्रावर कापलेल्या मुळांचा ढीग उरतो. हा ढीग मी कितीतरी वर्षे वळूनही न पाहता कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकत आलो. त्याच वर्षांत खोड जाड होत नाही म्हणून मी भेटेल त्याच्यापाशी कुरकुर करत होतो, आणि करंगळीएवढ्या जाडीची, साल धरलेली, वळणे घेतलेली मुळे माझ्याच हाताने कुजायला घालत होतो, हे माझ्या ध्यानात यायला पन्नाशी उलटावी लागली.

वास्तविक मुळाच्या तुकड्यातून नवे झाड उभे राहते, हे मला लहानपणीच कळायला हवे होते. रत्नागिरीकडे आत्याच्या घरी न्हाणीच्या मागे नीरफणसाचे झाड होते. त्याच्या फळात बी धरत नाही, त्यामुळे नवे झाड हवे असेल तर मुळाकडेच जावे लागते. कोणाला रोप हवे असले की आत्याचे यजमान जमिनीलगत धावणारे एखादे मूळ शोधत, त्याला कोयत्याने थोडी जखम करत आणि वर माती ओढून ठेवत. पुढे त्या जखमेपाशी फुटवा येई, आणि मुळाच्या तुकड्यासकट तो उचलला जाई. आम्हां मुलांना त्या झाडाच्या तळलेल्या कापांखेरीज कशातच रस नव्हता. पुण्यात राहायला आल्यावर बुचाच्या झाडाखाली फुटपाथच्या फटींतून वर आलेली कोवळी रोपे मी रोज ओलांडत असे. बुचाला आपल्याकडे शेंगा क्वचितच धरतात, तेव्हा ही रोपे बियांची नसून मुळांचीच असणार, एवढा साधा हिशोबही मी कधी केला नाही.

पहिल्यांदा जाणूनबुजून मुळे लावायची ठरवली तेव्हा नांद्रुकाचे आणि चायनीज एल्मचे मिळून वीस-बावीस तुकडे केले, प्रत्येक साधारण चार बोटे लांब. नांद्रुकाच्या कापातून पांढरा चीक ठिबकत होता, तो थांबावा म्हणून ते धुऊन वर्तमानपत्रावर सावलीत पसरले आणि जेवायला खाली गेलो. तासाभराने वर आलो तर आईने ते सगळे गोळा करून, दोऱ्याने जुडी बांधून, कठड्यावर नीट ठेवले होते. "अरे, एवढे ज्येष्ठमध कुठून आणलेस? उघड्यावर वाळवतात का असे?" तिचे काहीच चुकले नव्हते. मुळाचे सोललेले-कापलेले तुकडे हुबेहूब काष्ठौषधींच्या दुकानातल्या ज्येष्ठमधासारखे दिसतात, आणि तिने एखादा तोंडात घालून पाहिला नाही हे आमचे नशीब. नुकसान निराळेच होते. पसरताना मी सगळ्यांची वरची टोके भिंतीकडे करून ठेवली होती. जुडीत ती उलटसुलट झाली, आणि आता कोणते टोक वरचे आणि कोणते खालचे हे सांगायला कोणी उरले नव्हते.

याला इतके महत्त्व का, हे मुळाच्या अंगच्या एका हट्टात आहे. खोडाकडचे टोक ते वरचे आणि जमिनीत खोल जाणारे टोक ते खालचे, ही दिशा मूळ विसरत नाही. तुकडा केला तरी नाही, आणि उलटा लावला तरी नाही. झाडाच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक मुळाच्या टोकाकडे एकाच दिशेने वाहत असते, आणि कापलेल्या तुकड्यातही ते आपली वाट सोडत नाही. खालच्या कापापाशी ते साठते आणि तिथे नवी मुळे येतात. वरच्या कापापाशी त्याचा तुटवडा पडतो आणि तिथे कोंब फुटतात. हेरमान फ्योश्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, आपल्या वाळुंजाच्या जातभाईच्या म्हणजे विलोच्या फांद्या उलट्या टांगून, जमिनीची ओढ कुठेही असो, फांदी मुळे आपल्या मूळच्या खालच्या टोकालाच देते हे दाखवले होते. फांदीची जी गत तीच मुळाची. म्हणूनच जाणते माळी मूळ कापताना वरचा काप सरळ आणि खालचा तिरका घेतात, म्हणजे मग जुडी कोणीही बांधली तरी बिघडत नाही. ही युक्ती मला माहीत होती. मी घाईत सगळे काप सरळ घेतले होते, एवढेच. फांद्यांना लावायची मुळे फुटण्याची पावडर इथे का लावू नये, याचेही उत्तर यातच आहे: त्या पावडरीत ऑक्सिनच असते, आणि कोंब हवा त्या टोकाला ते फासणे म्हणजे कोंबालाच मज्जाव करणे.

मग भिंग घेऊन बसलो. जाड टोक ते वरचे असे सहसा धरून चालता येते, पण नांद्रुकाची मुळे मध्येच रताळ्यासारखी फुगतात, तेव्हा हा पुरावा पक्का नव्हे. त्याहून भरवशाचा पुरावा बारीक तंतुमुळांचा: ती मुख्य मुळाला तिरपी फुटतात आणि त्यांचा कल बहुधा खोडापासून दूर, टोकाकडे असतो. अशा रीतीने चौदा तुकड्यांची दिशा लागली. उरलेले, ज्यांच्याविषयी काहीच सांगता येईना, ते आडवे निजवले आणि वर बोटभर जाडसर वाळू पसरली. दिशा ठाऊक नसेल तेव्हा हाच मार्ग. आडव्या मुळाला वर-खाली आपले आपण शोधता येते.

उभे लावलेल्या तुकड्यांची वरची टोके मी वाळूच्या वर नखभर उघडी ठेवली होती, त्यामुळे पुढचे सारे डोळ्यांनी पाहता आले. तीन आठवडे काही नाही. मग एल्मच्या कापावर, साल आणि लाकूड यांच्या मधोमध, दुधावर साय धरावी तसे फिकट पिवळट कडे चढले आणि त्याच्या काठाशी राळ्याच्या दाण्यांएवढे हिरवट ठिपके उठले, एकाशेजारी एक, अकरा. कोठेही डोळा नाही, कळी नाही, जिथे आजवर केवळ मुळेच फुटली त्या अंगातून खोड फुटत होते. खोडाच्या फांदीला निदान आधीचे डोळे तरी असतात. मुळाला ते नव्याने घडवावे लागतात, आणि तेही पानावाचून, केवळ पोटातल्या पिष्टाच्या शिदोरीवर. म्हणून तुकडा झाड पालवायच्या आधीच घ्यावा, शिदोरी भरलेली असताना. आणि म्हणूनच पाणी हात राखून द्यावे: प्यायला पानेच नाहीत, तर दिलेले पाणी तिथेच राहते आणि मूळ कुजते. माझे नांद्रुकाचे चार तुकडे मी असेच मायेने मारले. वास आल्यावर उपटले, तर साल हातमोज्यासारखी निघून आली.

उलटे लागलेले दोन तुकडे चौदांतही निघालेच. त्यांतल्या एकाने वाळूच्या आत कोंब काढला आणि स्वतःच्याच अंगाला वळसा घालून तो वर आणला. हे झाड मी टाकले नाही, कारण तसली कलाटणी तारेने द्यायची म्हटली असती तर फांदी मोडली असती.

मुळाच्या तुकड्यातून बोन्साय करण्यातली खरी मौज मला इथेच वाटते. बियाचे रोप असो वा फाटे कलम, खोड सरळसोट असते आणि त्याला वळण आपण देतो. पुढे तारेचे वळ सालीवर वर्षानुवर्षे दिसत राहतात. मुळाला वळण आधीच मिळालेले असते, दगडाला वळसा घालताना, कुंडीच्या भिंतीला थडकून परतताना. रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीत वाढलेल्या झाडाची मुळे तळाशी गोल गोल फिरून स्वतःचाच गळा आवळतात, आणि बागेत लावायचे झाड घेताना तो मोठा दोष मानावा लागतो. तेच फिरलेले मूळ कापून उभे केले की दोन-अडीच वळणांचे खोड आयते हाती येते. आता मी रोपे घेताना पिशवीचा तळ चाचपून पाहतो, आणि जितके जास्त आवळलेले तितके मला बरे वाटते. रोपवाटिकेतला माणूस मात्र माझ्याकडे संशयाने पाहतो. जपानी भाषेत मुळाला 'ने' म्हणतात. बुंध्याशी पसरलेल्या मुळांची शोभा ती नेबारी, मुळे उघडी टाकून उंच उचललेले झाड ते नेआगारी, आणि मुळाचे तुकडे निजवून रोपे करणे ते नेबुसे. पहिले दोन शब्द बोन्सायच्या प्रत्येक वर्गात शिकवतात; तिसरा मी फार उशिरा ऐकला.

हे सगळ्याच झाडांना साधत नाही. एल्म उदार आहे, पेरू आणि कवठ थोडा वेळ घेऊन दाद देतात, चिंचेने मला आजवर एकदाही दिलेली नाही, आणि ज्युनिपरसारख्या सूचिपर्णी झाडांकडून ही अपेक्षाच करू नये. डोळा भरलेल्या, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या खुंटावर कलम केलेल्या झाडाचे मूळ लावले तर वर खुंटाची जात येते, आपली लाडकी जात नव्हे; मूळ खुंटाचेच असते हे कळत असूनही एका गुलाबाच्या बाबतीत मी दीड वर्ष कळीची वाट पाहिली. चट्टेपट्टेवाल्या पानांच्या झाडांचेही तसेच: तो रंग पुष्कळदा बाहेरच्या पेशींच्या थरापुरताच असतो, आणि मुळाच्या आतून आलेला कोंब साधा हिरवा निघतो.

यंदाच्या फेब्रुवारीत एल्मचे नऊ तुकडे लावले, काप अर्थातच वर सरळ आणि खाली तिरके. सहा फुटले, दोन कुजले. नववा दिवाळी उलटली तरी जसाच्या तसा उभा आहे. परवा नखाने त्याची साल किंचित खरवडली, तर आत ताज्या खोबऱ्यासारखे पांढरे निघाले, म्हणजे जीव आहे. आठवड्यातून दोनदा ओंजळभर पाणी, याहून त्याला काही द्यायचे नाही असे मी ठरवले आहे. आई मात्र मी ऑफिसला गेल्यावर गच्चीवर जाते आणि, बिचाऱ्याला एकही पान नाही म्हणून, त्याला रोज तांब्याभर पाणी घालते, हे मला काल कळले.