बांधावरची बोरी

खान्देशात झाड व्हायचं म्हटलं की फुलं, सुगंध, डौल या गोष्टी नंतरच्या. आधी उन्हाचा हिशोब मांडावा लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पलीकडे जातो, काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस म्हणाल तर वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा 'पुढच्या जन्मी कोणतं झाड व्हाल?' या प्रश्नाला कोकणातल्या माणसाचं उत्तर आपल्या कामाचं नाही.

जळगाव जिल्ह्यातला माणूस म्हणून मी केळीचं नाव घ्यायला हवं होतं. रावेर-यावलचा सगळा संसार तिच्यावर, आणि २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण केळ मुळात झाडच नाही. खोड म्हणून जे दिसतं ते एकमेकांवर गुंडाळलेले पानांचे देठ. शिवाय जन्मभर ठिबकच्या नळीकडे डोळे लावून बसायचं, एक घड द्यायचा आणि कोयत्याखाली जायचं. नको. वडाला ज्येष्ठात सुताचे वेढे पडतात आणि शहरात तर पूजेच्या नावाखाली फांद्याच तोडून बाजारात येतात. पिंपळ झालो तर अंगावर मुंजा सांभाळावा लागेल. कडुनिंबाचा मात्र थोडा हेवा वाटतो, कारण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी त्याच्या फांदीला झोका बांधतात आणि सासरचं सगळं गाऱ्हाणं त्याच्याखालीच गाण्यात निघतं. पण कडुनिंब निवडणारे इतके आहेत की पुढच्या जन्मी तिथेही रांग असेल.

मोहाशी मात्र माझं मन खरंच अडखळलं. नंदुरबारकडे, सातपुड्याच्या अंगाला, मार्च-एप्रिलात मोहाची फुलं गळायला लागतात तेव्हा अंधारातच अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली जातं. झाडानं रात्रीतून टाकायचं आणि माणसांनी सकाळी वेचायचं. कुणी हलवत नाही, तोडत नाही. एवढा सभ्य व्यवहार दुसऱ्या झाडाशी क्वचितच होतो. पण आमच्याकडे मोह डोंगराकडचा आणि मी पडलो सपाटीचा.

म्हणून मी बोरी होईन. बागेतली नव्हे, बांधावरची गावठी.

बोरीजवळ कधी नीट उभं राहून पाहिलंय? लोक काट्यांपासून हात सांभाळून बोरं तोडतात आणि निघतात, म्हणून पान कुणी बघत नाही. वरून चकचकीत हिरवं, देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, आणि उलटं केलं तर खाली पांढरट मऊ लव. काटे जोडीजोडीनं येतात. त्यातला एक सरळ, दुसरा आकड्यासारखा मागे वळलेला. आत जाताना सरळ काटा टोचतो, बाहेर येताना वाकडा बाही धरतो. या झाडाला पाहुण्याला दोन्ही वेळा थांबवायचं असतं, हे मला फार आवडतं. (माझ्या एका मावशीचाही स्वभाव असाच होता, पण तो विषय वेगळा.)

पावसाळा सरता सरता तिला फुलं येतात. बारीक, हिरवट पिवळी, कुणी केसात माळणार नाही अशी. वासही काही खास नाही. पण माशा-भुंगे अख्खं झाड गुणगुणवत ठेवतात, आणि थंडी पडली की बोरं धरतात. मग काय, शाळेची वाट हमखास तिच्या खालून जाते. दगड, काठ्या, चपला, सगळं वर जातं. शेताचा मालक लांबून ओरडतो, 'काय करी ऱ्हायना रे पोऱ्हो?' आणि पोरं खिसे आवळून पळतात. घरी गेल्यावर बोरं संपली तरी काम संपत नाही, बी दगडावर फोडून आतला गर खायचा असतो. उरलेली बोरं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, वाळतात, त्यांचं बोरकूट होतं. संक्रांतीला सुगडात बोरं लागतात, आणि घरात तान्हं मूल असेल तर बोरन्हाणाला त्याच्या डोक्यावरून तीच ओततात. वर्षभर जिच्याकडे ढुंकून बघत नाहीत तिला पौषात एवढा मान! मला मान असाच हवा, अधूनमधून आणि खाण्याच्या निमित्तानं.

दगड खायची तयारी आहे का, असं कुणी विचारेल. आहे. आंब्याचा मोहोर दिसला की व्यापारी सौदा करून जातो, मग राखण बसते आणि फळं मोजली जातात. बांधावरच्या बोरीचा सौदा कुणी करत नाही. तिची बोरं ज्याच्या हाताला लागतील त्याची, बकरीच्या तोंडाला लागतील तर बकरीची.

आणि छाटणी. बोरीचं खरं मर्म मला तिथे दिसतं. बागाईतदार उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास तिला चांगली बोडकी करून टाकतात, कारण बोर लागतं ते नव्या फुटीवर. जुन्या फांद्या राखून ठेवल्या तर फळ बारीक होत जातं. बांधावरच्या बोरीची छाटणी शेतकरी काट्यांसाठी करतो. तोडलेल्या फांद्या कुंपणाला रचतो, म्हणजे तोडल्यावरही ती राखणच करते. उन्हाचा कहर चालू असताना अंगावर पान ठेवायचंच नाही, खोल गेलेल्या मुळांवर गप्प राहायचं आणि मृगानंतर फुटायचं. चाळिशीनंतर रजा, बदली, मुलांचं कॉलेज यांत अडकलेल्या माणसाला ही सोय फारच मोहात पाडणारी आहे. आपल्याला कुणी एप्रिलमध्ये छाटून जूनपर्यंत निवांत सोडत नाही.

जळगावची मेहरूणची बोरं एके काळी नाव घेऊन विकली जायची. आता मेहरूण शहराच्याच पोटात आलंय आणि बाजारात हातगाडीवर सफरचंदाएवढी हिरवी ॲपल बोरं रचलेली असतात. दिसायला देखणी, चवीला पाणी. आंबट नाही, तुरट नाही, तिखट-मीठ लावलं तर फक्त तिखट-मीठच लागतं. ही बोरं येतात कशी, तर गावठी बोरीच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे दुसऱ्या जातीचा कोंब तिच्या सालीत बसवून. मुळं तिची, ऊन सोसायचं तिनं, आणि वर मिरवायचं भलत्यानंच. तेव्हा झाड व्हायला माझी ना नाही, दगडही चालतील, बकऱ्याही चालतील. फक्त जो कुणी ही बदली मंजूर करत असेल त्यानं कागदावर स्पष्ट लिहून द्यावं की माझ्यावर डोळा भरायला कुणालाही परवानगी नाही.