छिद्रं वाळवताना वाचतात

सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रव मिश्रणातून द्रवाने भरलेलं घट्ट जाळं (जेल) घडवून, सच्छिद्र सिलिकाचा अखंड, न तडकलेला तुकडा काढायचा, तर खरी कसोटी वाळवताना लागते. मिश्रण त्यामानाने सोपं. टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, सिलिका ज्यापासून बनते तो द्रव) पाण्यात मिसळत नाही, म्हणून मी दोन्ही इथेनॉलमध्ये एकत्र करते, चिमूटभर हायड्रोक्लोरिक आम्ल घालते आणि ढवळत ठेवते. बीकर कोमट लागू लागला की समजायचं, हायड्रोलिसिस, म्हणजे टीईओएसची पाण्याशी अभिक्रिया, सुरू झालं. मग थेंबथेंब अमोनिया. आम्लात लांबट साखळ्या होतात, अल्कलीत कण जमतात. मला मोठी छिद्रं हवी असतात, त्यामुळे हा दुसरा टप्पा मी कधीच टाळत नाही.

बाटली तिरकी केली आणि पातळी हलली नाही, म्हणजे जेल झालं. घाई इथेच नडते. सिलिकाचं जाळं अजून कच्चं असतं, आत बंध जुळतच असतात. झाकण घट्ट लावून 50 अंशांवर ठेवलं की जेल आक्रसून काचेपासून सुटतं आणि भोवती नितळ द्रव साचतो. ते मला फार आवडतं, कारण जाळ्याला बळ येत असल्याची ती खूण आहे.

आता पाणी बाहेर काढायचं. 5 नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाण्याचा केशिका दाब (अरुंद छिद्रातला द्रव भिंतींना आत ओढतो तो) वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ 280 पट भरतो. एवढ्या ओढीपुढे कोवळ्या भिंती तग धरत नाहीत. शिवाय दबून जवळ आलेल्या भिंतींवरचे हायड्रॉक्सिल (OH) गट एकमेकांशी जोडले जातात. मग मिटलेलं छिद्र परत उघडत नाही. म्हणून मी आधी पाण्याच्या जागी इथेनॉल आणि त्याच्या जागी हेक्झेन आणते. ही ओढ द्रवाच्या पृष्ठताणामुळे असते आणि तो 72 वरून 18 मिलिन्यूटन प्रति मीटरवर येतो. ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन वापरून हायड्रॉक्सिल गटही मिथाइल गटांनी झाकून टाकते. रसायनशास्त्रज्ञ किस्लर यांनी 1931 मध्ये द्रव क्रांतिक बिंदूपलीकडे, म्हणजे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही इतक्या तापमान-दाबाला नेऊन हा ताणच नाहीसा केला आणि एरोजेल, म्हणजे द्रवाऐवजी हवेने भरलेलं जेल, मिळवलं. उच्च दाबाचं भांडं असेल तर आजही तोच उत्तम मार्ग, असं माझं स्पष्ट मत.

हेक्झेन ज्वालाग्राही, म्हणून वाळवणं धूरकपाटातच, भोक पाडलेल्या झाकणाखाली, अगदी सावकाश. छिद्रं रिकामी होऊ लागली की पारदर्शक तुकडा पांढुरका होतो. तेव्हा तापमान अजिबात वाढवायचं नाही. पुढे भट्टीत मिनिटाला 1 अंश या गतीने 500 पर्यंत नेते. वर घातलेले मिथाइल गट तिथे जळून जातात, तुकडा पुन्हा पाणी शोषू लागतो, पण तोवर जाळं पक्कं झालेलं असतं.