कॅटलॉग उघडेना तेव्हा

पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या डेटावर काम करताना सॅस या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये लाल ओळी दिसणं नेहमीचंच. पण ‘ही फाइल दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेली आहे’ ही एरर आली आणि सगळं काम अडलं.

एका जुन्या ट्रायलचा डेटा परदेशातल्या कंपनीकडून आला होता. त्यांचं सॅस विंडोजवर, आमचं लिनक्स सर्व्हरवर. डेटासेट सगळे उघडले, कारण परक्या सिस्टिमचा डेटासेट सॅस वाचता वाचताच बदलून घेतं. या सोयीला सेडा म्हणतात. कॅटलॉग नावाच्या फाइलला ती सोय नाही, आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय हे सांगणारे फॉरमॅट तर सगळे कॅटलॉगमध्येच. फॉरमॅट नसले तरी चालवून घेणारा ऑप्शन लावला, तर रुग्णाला झालेल्या त्रासाचा औषधाशी संबंध किती, या रकान्यात नुसते १, २, ३, ४.

“मॅडम, मागच्या ट्रायलमध्ये १ म्हणजे ‘संबंध नाही’ होतं. तेच फॉरमॅट लावू का?” सहकाऱ्यानं विचारलं. संध्याकाळी टेबलं द्यायची होती, त्याची घाई मला कळत होती. तरी मी ठाम नाही म्हटलं. माणसांच्या जिवाशी निगडित रकान्यात अंदाज चालत नाही.

आर या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या हेवन पॅकेजला सॅसचा कॅटलॉग वाचता येतो. त्यातून पाहिलं आणि अंगावर काटा आला. इथे १ म्हणजे ‘निश्चित संबंध’ आणि ४ म्हणजे ‘संबंध नाही’. सुरक्षिततेचं अख्खं टेबल उलटं झालं असतं!

पण एवढ्यावर टेबलं करणं मला पटेना. फॉरमॅट मूळ मशीनवरूनच यायला हवे होते. सॅसच्या प्रॉक सीपोर्ट या आज्ञेनं, एका सिस्टिमवरून दुसरीवर न्यायची ट्रान्सपोर्ट फाइल करून मागता आली असती, पण ती डोळ्यांनी वाचता येत नाही. म्हणून त्यांना प्रॉक फॉरमॅट ही आज्ञा सीएनटीएलआउट हा ऑप्शन देऊन चालवायला सांगितलं. त्यातून साधा डेटासेट निघतो: फॉरमॅटचं नाव, सुरुवात, शेवट, लेबल, आणि एचएलओ नावाचा रकाना. हा रकाना कुणी टाकून देऊ नये. ‘बाकी सगळं’ ही नोंद तिथेच ‘ओ’ अक्षरानं असते.

त्यांचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, लॅटिन-१, आमचं यूटीएफ-८. ‘±’ त्यांच्याकडे एक बाइट, आमच्याकडे दोन. त्यामुळे लांब लेबलांची शेपटं तुटू लागली. सॅसच्या सीव्हीपी इंजिननं रकाने रुंद करून घेतले, सीएनटीएलइन या उलट्या ऑप्शननं त्या डेटासेटमधून फॉरमॅट आमच्या सर्व्हरवर उभे केले आणि प्रत्येक लेबल हेवनच्या यादीशी ताडून पाहिलं. टेबलं दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.