ब्राँक्स झूमधला पिवळा बेडूक

न्यूयॉर्कला जाऊन प्राणिसंग्रहालय बघायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. जाळीमागे येरझाऱ्या घालणारा वाघ बघितला की मला दिवसभर कसंनुसं होत राहतं. पण न्यू जर्सीच्या आत्याने नातवाला शब्द दिला होता, आणि तिच्या शब्दापुढे आमच्यात कुणाचं काही चालत नाही. त्याआधीचे दिवस म्युझियमं आणि टाइम्स स्क्वेअरच्या ढकलाढकलीत गेले. त्यावर काय लिहायचं? गर्दी दादरलाही मिळते.

दोन नंबरच्या सबवेने पेल्हम पार्कवेला उतरून चालत निघालो. ब्राँक्स झू २६५ एकरांवर पसरलंय हे वाचलं होतं, पण एकर काय असतात ते पायांनाच कळतं. तासाभरात आत्याने बाकड्यावर बैठक मारली. "अगं, हे झू आहे की तालुका?"

समोरच बायसन चरत होते. एके काळी अमेरिकेच्या माळरानांवर कोट्यवधींनी असलेलं हे जनावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम उरलं होतं. १९०७ साली इथूनच १५ बायसन आगगाडीत चढवून ओक्लाहोमाला पाठवले, पुन्हा कळप उभा राहावा म्हणून. त्यामागे होते इथले पहिले संचालक विल्यम हॉर्नडे. याच हॉर्नडेंच्या कारकिर्दीत, आदल्याच वर्षी, काँगोतून आणलेल्या ओटा बेंगा नावाच्या तरुणाला इथल्या माकडघरात लोकांसमोर ठेवलं होतं. झू चालवणाऱ्या संस्थेने जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये. एकाच माणसाच्या नावावर ही दोन्ही कामं आहेत, हे बायसनकडे बघताना डोक्यातून जाईना.

गोरिलांपाशी इतके खांदे आणि फोन होते की मला एक काळी पाठ तेवढी दिसली. वैतागून मी भाच्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या इमारतीत नेलं. तिथे अजगरापुढे झुंबड होती. एका काचेच्या पेटीपुढे मात्र कुणीच नव्हतं. आत शेवाळ, ओले दगड, वरून बारीक तुषार. "मावशी, एम्प्टी आहे," भाचा म्हणाला आणि निघालासुद्धा. मी पाटी वाचत थांबले, आणि वाचता वाचता शेवाळाचा एक कण हलला.

मग एकेक दिसायला लागले. मोहरीसारखा पिवळा रंग, लांबी दोन-तीन सेंटिमीटर. एक मादी काचेला पोट लावून चिकटली होती. या बेडकाच्या मादीच्या पोटाची कातडी इतकी पातळ असते की आतली पिल्लं बाहेरून दिसतात. हा अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो, जेमतेम ५ मिलिमीटरची. भाचा परत आला आणि काचेला नाक लावून मोजायलाच बसला. मागून एका गृहस्थाने काचेवर टकटक केली, काही उडी मारेना म्हणून "नथिंग हिअर" असं बायकोला सांगितलं आणि गेला. त्याला मराठीत जे बोलावंसं वाटलं ते इथे लिहीत नाही.

हा किहान्सीचा तुषार-बेडूक. टांझानियातल्या किहान्सी नदीच्या एका घळीत, धबधब्याच्या तुषारांनी भिजणाऱ्या जेमतेम दोन हेक्टर जागेत त्याचं सगळं जग. शास्त्रज्ञांना तो सापडला १९९६ मध्ये, तोवर वरच्या अंगाला विजेसाठी धरणाचं काम सुरूही झालं होतं. २००० पर्यंत नदीचं बहुतेक पाणी बोगद्यात वळलं आणि तुषार आटले. त्याच वर्षी ४९९ बेडूक पकडून विमानाने इथे ब्राँक्सला आणले. तिकडे घळीत कृत्रिम फवारे लावले, पण २००३ मध्ये बुरशीचा रोग आला आणि बेडकांची संख्याच कोसळली. २००९ मध्ये तो जंगलातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे काही वर्षं हा प्राणी पृथ्वीवर फक्त अशा काचेच्या पेट्यांत होता. आणि २०१२ मध्ये ब्राँक्स आणि टोलेडोच्या झूंमध्ये वाढवलेले सुमारे २००० बेडूक परत त्याच घळीत सोडले.

मी कोयनेच्या विजेखाली अभ्यास केलेली मुलगी, धरणाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण सह्याद्रीतही पावसाळ्यात धबधब्याशेजारच्या ओल्या कातळावर वाढणारे बेडूक आहेत. त्यांतले किती आपण बघायच्या आधीच गेले असतील, हा विचार पेटीपुढे उभं राहिल्यावर आल्यावाचून राहत नाही.

पिंजऱ्यांबद्दलचं माझं मत बदललं असं समजू नका. इथल्याच हॅपी नावाच्या हत्तिणीला अभयारण्यात सोडा म्हणून प्राणिहक्कवाले कोर्टात गेले होते. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ अशा मतांनी त्यांना नकार दिला. मी त्या दोघांच्या बाजूची. दिवसाला मैलोन्मैल चालणाऱ्या, नात्यागोत्यात राहणाऱ्या जनावराला कितीही मोठं आवार पुरत नाही. दोन हेक्टरांत सगळं जग असलेल्या बेडकाला मात्र नीट सांभाळलेली पेटी चालते, आणि तिथून त्याला घरी परत धाडता येतं. मला विचाराल तर झूवाल्यांनी छोटे प्राणी सांभाळावेत आणि मोठ्यांसाठी त्यांच्या मुलखात पैसे खर्चावेत. तिकिटं कोण काढणार, हा प्रश्न आहेच. बेडूक बघायला आम्ही दोघंच होतो.

मोनोरेलच्या रांगेला आत्याने साफ नकार दिला, ते बरंच झालं.

परतीच्या गाडीत भाच्याचे प्रश्न संपेनात. "मग आता तिथे पाणी कुठून येतं?"

"पाइप टाकलेत. फवारे आहेत."

"फॉरएव्हर?"

"धरण आहे तोवर."

डोळे मिटून बसलेली आत्या म्हणाली, "म्हणजे बेडकांनाही आता प्लंबर लागणार. आमच्याकडे बोलावून तीन आठवडे येत नाही."